माझ्या बाजूचा ब्रेक

प्रिय ताई,

फोनवर तू दर वेळी आधी गाडीची चौकशी करतेस, मग माझी, आणि मी दर वेळी सांगते की दोघीही मस्त आहोत. गाडी मस्त नाही. चौदा वर्षांपूर्वी आपण दोघींनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा ती घेतली, आणि तेव्हाच ती पाच वर्षं वापरलेली होती. भाऊजींची बदली होऊन तू गेलीस त्यालाही सहा वर्षं झाली. तेव्हापासूनचं सगळं आज सविस्तर लिहिते. फोनवर जमलं नसतं, कारण तू मध्येच बोलतेस.

शिकाऊ माणसाच्या पायाखाली क्लच प्लेट किती टिकते ते तुला माहीत आहे. हल्ली वर्षातून दोनदा बदलावी लागते. रेडिएटर गळतो, म्हणून मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन असतात आणि दर अर्ध्या तासाने गाडी कडेला घेऊन आम्ही बॉनेट उघडून उभे राहतो. हाही शिकवण्याचाच भाग आहे असं मी बेधडक सांगते. मागचं डावं दार आतून उघडत नाही. वायपर चालू केला की हॉर्न बंद पडतो. का, ते आपल्या गॅरेजवाल्यालाही आजवर सांगता आलेलं नाही. मला पाहिलं की तो हल्ली काय झालं हेसुद्धा विचारत नाही, नुसती मान हलवतो. या गाडीत घातलेत तेवढ्या पैशांत दुसरी आली असती, असं त्याचं म्हणणं. खरं आहे, पण दुसरीसाठी ते एकदम घालावे लागले असते, आणि एकदम माझ्याकडे कधीच नव्हते. ही गाडी उभी राहिली की स्कूल बंद. मग मी काय करायचं, हे मला या वयात सुचत नाही. म्हणून चालढकल करत राहिले.

गेल्या महिन्यात माझ्या बाजूचा ब्रेक गेला. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो, चालवणाऱ्याच्या ब्रेकला सळईने जोडलेला. सळई सांध्यात मोडली. गॅरेजवाल्याने वेल्डिंग करून दिली, चार दिवसांत पुन्हा मोडली. तो भाग आता कुणी बनवत नाही म्हणाला. भंगारात शोधतो, वेळ लागेल, तोवर हिच्यात कुणाला शिकवू नका, असं त्याने बजावून सांगितलं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा तास घेतला.

सात जण शिकत होते. त्यांची फी घेऊन झाली होती आणि ती क्लचमध्ये गेलीही होती. पहिले दोन दिवस मी भीत भीत शिकवलं. मोकळे रस्ते धरायचे, हँडब्रेकवर हात ठेवून बसायचं. हँडब्रेकही आता म्हातारा झालाय, ओढला तरी विचार करून धरतो. तिसऱ्या दिवसापासून मला सवय झाली. इतक्या लवकर कशी झाली याचं नंतर नवल वाटलं, तेव्हा वाटलं नाही.

त्या सातांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, अठ्ठावन्न वर्षांच्या. नवरा गेल्यापासून त्याची गाडी दारात उभी आहे. मुलगा विकून टाक म्हणतो, म्हणून या हट्टाने शिकायला आल्या. ॲक्सिलरेटर शिलाई मशीनच्या पायडलसारखा दाबतात, टीप संपेपर्यंत पाय काढत नाहीत. तू असतीस तर दुसऱ्याच दिवशी त्यांना हात जोडले असतेस. मंगळवारी बाजाराच्या वळणावर एक आजोबा पेपर वाचत वाचतच रस्त्यात उतरले. माझा पाय आपोआप खाली गेला, तळाला टेकला आणि काहीही झालं नाही. हँडब्रेक आठवलासुद्धा नाही. गाडी थांबली ती बाईंनी थांबवली म्हणून, आजोबांपासून हातभर अंतरावर. त्यांनी पेपरची घडी घातली, आमच्याकडे रागाने पाहिलं आणि पुढे गेले. बाई रडायला लागल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्या खूश होत्या. म्हणाल्या, तुम्ही ब्रेक लावला नाहीत, माझ्यावर सोडलंत, एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणीच टाकला नाही. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी मान डोलावली. बाईंनी ही हकिकत आपल्या गिऱ्हाइकांना सांगितली. शुक्रवारी त्यांतल्या दोघी नाव घालायला आल्या. मी त्यांची नावं लिहून घेतली.

हेही मी निभावून नेलं असतं. पण शनिवारी तुझा फोन आला, की लेकीला सुट्टीत माझ्याकडे शिकायला पाठवतेस, मावशी शेजारी बसलेली असली की तुला काळजी नाही. मी आनंदाने हो म्हटलं आणि लगेच गाडी पुसायला खाली गेले. भाचीची उंची बेताची, म्हणून चालवणाऱ्याची सीट पुढे सरकवली, आणि फडकं तिथेच ठेवून बाहेर आले. तिला या गाडीत बसवणं मला शक्य नव्हतं, एक दिवससुद्धा, रिकाम्या मैदानातसुद्धा. रविवारी सगळ्यांना फोन करून शिकवणं बंद केल्याचं कळवलं. शिवणकामवाल्या बाईंच्या घरी मात्र स्वतः गेले आणि मंगळवारी काय झालं होतं ते खरं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि त्या परत मशीनवर जाऊन बसल्या. तेव्हा लेकीला पाठवू नकोस, तिकीट काढलं असशील तर रद्द कर. तिला काय कारण सांगायचं ते तू ठरव. तुला मात्र खरं कारण कळायला हवं, म्हणून हे पत्र. तीन आठवडे त्या सीटवर परकी माणसं बसत होती, ताई, आणि मला झोप चांगली लागत होती.

चांगली वाईट जशी आहे तशी, तुझीच,
धाकटी