कंसातलं नको

४ फेब्रुवारी २०१२, शनिवार
संकल्प: या महिन्यात महाराजांचं लग्न लावायचं. महाराज म्हणजे मी. 'मेघदुर्ग' हा आमचा नेटवरचा खेळ. सात जण, प्रत्येकाचं एक पात्र, ज्याने त्याने आपल्या पात्राचं लिहायचं. सूत्रधार मीच, कारण बाकीच्यांचं शुद्धलेखन. वधू मैना, नावाडीण. तिला नम्रता लिहिते. मूळची वाशिमची, पुण्याजवळ मांजरी गावात राहते, कॉल सेंटरमध्ये आहे. मला दादा म्हणते. आदर आहे.

५ फेब्रुवारी
मागणी घातली. मैना नको म्हणाली. उत्तम! पहिल्या फटक्यात हो म्हणणारी राणी शोभत नाही. हे पंगतीतलं नको. पानावर हात आडवा धरतात, पण जिलबी हवीच असते. वाढणाऱ्याने थांबायचं नसतं.

७ फेब्रुवारी
पुन्हा नको. या वेळी कंसात. (दादा, हे मैनेचं नाही, माझं नको आहे. दुसरं काही खेळू.) कंसातलं बोलणं पात्राचं नसून खेळणाऱ्याचं, ते पाळायचंच, असा नियम आहे. नियम मी केलाय, तेव्हा अर्थही मीच लावणार. लाजली.

बायकोला सहज विचारलं, बाई नको म्हणाली तर काय समजावं? हेमा म्हणाली, पाहुणे चहा नको म्हणाले की दूध लगेच फ्रीजमध्ये परत ठेवता, तेव्हा बरं समजतं तुम्हाला! विषयांतराची सवयच आहे तिला.

११ फेब्रुवारी
नम्रता ऑनलाइन नाही. गोष्ट अडली. नाइलाजाने मैनेचं मीच लिहिलं. महाराजांनी तिला नावेतून उचलून गडावर आणलं. तिच्या तोंडी वाक्य घातलं, स्वामी, मी आपलीच होते. वाचून मलाच भरून आलं. दुसऱ्याचं पात्र लिहू नये असाही नियम आहे, पण तो नवशिक्यांसाठी.

१२ फेब्रुवारी
केयूरने (आमचा सेनापती, एरवी फार्मसीचा विद्यार्थी) सगळ्यांसमोर लिहिलं, सर, हे चूक आहे, खोडा. कालचं पोर! कलेतलं काय कळतं?

नम्रताचा नंबर आम्हा सात जणांच्या मागच्या सहलीपासून होता. फोन केला, केवळ चर्चेसाठी. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाली, दादा, काहून करून राहिले असं? दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाते मी, तिथं फोन ठेवता येत नाही. मैना तेवढी माझी होती. तिले सोडा. मग नुसतं नाक ओढत राहिली. रडत असावी. प्रमाण भाषेत बोलली असती तर मुद्दा नीट पोचला असता.

मला वाईट वाटलं. इतकी मेहनत घेऊन गैरसमज व्हावा?

१३ फेब्रुवारी
माफी मागायचं ठरवलं. मसुदा केला. चार परिच्छेद झाले, तरी त्यात माझी चूक कुठे आलीच नाही. म्हणजे नसावीच. रद्द.

१५ फेब्रुवारी
नवा नियम जाहीर केला. यापुढे संमतीशिवाय काही होणार नाही. संमती आहे की नाही, ते सूत्रधार ठरवेल. एकानेही आभार मानले नाहीत.

१९ फेब्रुवारी
नम्रता गेली. जाताना एकच ओळ. (मैनेला हात लावू नका.) तिच्यामागून केयूर आणि उरलेले चारही गेले. केयूरने दुसरीकडे नवा खेळ मांडलाय म्हणे. जाऊ देत. गर्दीत कला होत नाही.

संकल्प: मैनेला हात लावणार नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार
मेघदुर्गावर लग्न. भटजी, सेनापती, करवल्या सगळं मीच लिहिलं. छान उतरलं. मग मैनेची पाळी आली आणि अडलो. ती काय म्हणेल तेच सुचेना. तिचं तीन वर्षांचं लिखाण पहिल्यांदाच सलग वाचलं. पाण्याचा अंदाज, उतारूंशी भांडणं, एका म्हाताऱ्याला फुकट पलीकडे नेताना मारलेल्या गप्पा. महाराज कुठेच नाहीत.

हेमा दोनदा जेवायला बोलावून गेली.

शेवटी मैनेच्या नावापुढे लिहिलं, हो. वाचून पाहिलं. माझाच आवाज आला.

लग्न लागलं.