पाकाला दाणा धरेना

ट्युबिंगन, २४ सप्टेंबर १८९१

तीर्थस्वरूप गेबहार्डमामांस,

ओटमारचा टोपी काढून, कमरेत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? माश्यांना यंदा मध बरा लाभला ना? आईची खबर तुम्हीच कळवा, कारण ती मला पत्रात फक्त जेवलास का एवढंच विचारते आणि सही करते.

ईस्टरला भरल्या पंगतीत तुम्ही मला विचारलंत, की बाबा रे, साखर गोड असते हे ठरवायला तीन वर्षं लागतात का. सगळे हसले, पाद्रीबुवा तर जरा जास्तच. माझ्या तोंडात घास होता म्हणून उत्तर राहिलं, ते आता घ्या. द्राक्षातली साखर म्हणजे कार्बनचे सहा जण एका ओळीत उभे. त्यातल्या मधल्या चौघांच्या एका हाताशी नुसता हायड्रोजन असतो आणि दुसऱ्या हाताशी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. ती जोडी कोणाच्या उजव्या हाताला आणि कोणाच्या डाव्या, सगळं भांडण एवढंच. (तुम्ही म्हणाल, याच्यावर माणसं पगार घेतात? घेतात.) चौघांना दोन-दोन बाजू, म्हणजे सोळा भावंडं झाली, वजन तेच, घटक तेच, गुण वेगळे. त्यातलं उजवं-डावं-उजवं-उजवं असं जे एक आहे, ते तुमच्या मधात आणि आपल्या रक्तात. हा निकाल यंदाच वुर्झबुर्गहून छापून आला. वेलीचं पान उन्हात बसून ती साखर बनवतं, पाव पोटात गेला की शेवटी त्याचीही तीच होते, आणि ती जळते म्हणून आपण कुदळ उचलतो. पाद्रीबुवा हसले तेही तिच्याच जिवावर.

माझ्या वाट्याला मात्र त्या सोळांतलं भलतंच एक भावंड आलं. ते बनवायचं, त्याचे स्फटिक काढायचे, मग पदवी. बनवलं, पण नुसता पाक झाला. चौदा महिने झाले, पाकाला दाणा धरेना. थंडीत ठेवला, काचेच्या कांडीने बशी घासली, दोन वेळा तर चर्चमध्ये जाऊन आलो. तुम्ही नव्या मधात जुन्या रवाळ मधाचा चमचा घालता ना, तसा एक कण पडला की काम होतं. पण या साखरेचा कण जगात कोणाकडेच नाही, तर आणू कुठून? इथे सगळे म्हणतात, जुन्या रसायनवाल्यांच्या दाढीत तऱ्हेतऱ्हेचे कण अडकलेले असतात. म्हणून मी प्रयोगशाळेतल्या वेंडेलीनला गाठलं. (हा आमचा शिपाई. चाळीस वर्षं इथे, दाढी बेंबीपर्यंत.) त्याला हातापाया पडून पाकावर दाढी झटकायला लावली. त्यातून पडलं काय, तर तपकीर आणि पावाचा चुरा. प्राध्यापकांनी बशी पाहिली आणि मला म्हणाले, "याचा प्रबंध लिही, कोणीतरी वाचेल."

अशात उन्हाळाभर मला तहान. घरमालकीण क्रेसेन्झबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली, की माझा भाडेकरू घोड्याला लाजवील इतकं पाणी पितो आणि पँट सुतळीने बांधतो. पुढे माझ्या पलंगाखालच्या लघवीच्या भांड्याला मुंग्या लागल्या, तर तिने प्रयोगशाळेतली साखर चोरून आणतो म्हणून मला झापलं. मीही दमणूक, उकाडा, चिंता असली कारणं लावून मोकळा झालो. तीन वर्षं साखर शिकतोय, मामा, आणि मुंग्यांना माझ्याआधी कळलं.

गेल्या सोमवारी एका डॉक्टरांनी एका म्हातारीची लघवी तपासायला आमच्याकडे धाडली. तीत एक पिवळं औषध घालून उकळतात. साखर असली तर पिवळ्या सुया उतरतात. तुलनेला निरोगी माणसाची लागते. वेंडेलीन म्हणाला, "तू तरणाबांड, तुझीच दे." दिली. म्हातारीची नळी स्वच्छ राहिली. माझ्या नळीत सुया आल्या, गच्च, सोनेरी, एकसारख्या. वेंडेलीन म्हणाला, नळ्या बदलल्या असतील. मंगळवारी परत केलं, बुधवारी परत केलं. वितळायला लावल्या, तर पुस्तकात लिहिलंय त्याच अंशाला वितळल्या. प्राध्यापक मागून आले आणि म्हणाले, वा, चौदा महिन्यांत तुझ्या हातचे हे पहिले धड स्फटिक, कुठून मिळवलेस? वेंडेलीनने त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. मग ते परत आलेच नाहीत.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला माश्यांचं मेण लावत जा.

तुमचा आज्ञाधारक,
ओटमार

ता. क. 'बाकी सर्व ठीक' हे हाताच्या सवयीने गेलं, खोडत नाही. आज त्याच डॉक्टरांकडे जाऊन आलो. मांस, लोणी, अंडी खा म्हणाले. पाव बंद, फळ बंद, गोड तर नावच नको. रक्तात साखर भरपूर आहे, पण ती शरीराला वापरता येत नाही, म्हणून मी भरल्या घरात उपाशी. असं किती दिवस, असं विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले. माझ्या वयाची माणसं दोन वर्षांहून जास्त काढत नाहीत, हे मी नंतर ग्रंथालयात वाचलं. मला भीती वाटते, मामा.

दुसरा ता. क. पत्र खरं याच्यासाठी. मी रविवारी घरी येतोय. आईला मी सांगेन, पण या खेपेला नाही. बाबांना पुरून अजून वर्ष झालेलं नाही. ती आलुबुखारांचा केक करणार, आणि कमरेवर हात ठेवून मी दुसरा तुकडा संपवेपर्यंत उभी राहणार. तुम्ही माझ्या शेजारची खुर्ची धरा. ती साय आणायला आत वळली, की माझ्या बशीतला तुकडा तुम्ही खा, आणि दुसरासुद्धा. पटापट खा, ती लवकर परत येते.