उंबरठ्याचे दोन काप

साकेत नगर, भोपाळ
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. मृणाल हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळीच्या आधीच लिहायला बसलो होतो, पण चार ओळी झाल्या की कागद बाजूला ठेवायचो. फोनवर बोलणं होतंच, तरी काही गोष्टी मला तोंडाने सांगायला जमत नाहीत. माझं शिक्षण सातवीचं, तेव्हा चुका सांभाळून घे.

इकडे ठीक आहे. थंडी पडायला लागली. आईला भूक चांगली लागते. परीक्षितरावांचा खोकला गेला का? झोपण्याआधी गॅसचं बटण बघत जा. ठाण्याचं तुमचं स्वयंपाकघर बारकं आहे, म्हणून मला काळजी वाटते.

मुख्य बातमी म्हणजे मी करवत घेतली. विजेवर चालणारी, हातात धरायची, गोल पात्याची. कारखान्याच्या सुतारखात्यात जन्म गेला, पण तिथली यंत्रं जमिनीत रोवलेली असायची, लाकूड त्यांच्याकडे न्यायचं. आता काम असं आहे की लाकूड जागचं हलत नाही, करवतीलाच तिथे जावं लागेल. हाताच्या करवतीने केलं असतं, पण माझं मनगट आता शेवटपर्यंत रेघेवर राहत नाही.

वरच्या मजल्यावरचा गिरीश, तो इस्पितळात नोकरीला आहे, त्याने मला स्कूटरवरून दुकानात नेलं. दुकानदार जिगसॉ म्हणतात ती उभ्या पात्याची लहान करवत पुढे करत म्हणाला, "बाबूजी, ये ले जाइए, हल्की है, मक्खन की तरह काटेगी."

मी म्हटलं, "भैया, मक्खन नहीं काटना, सागौन काटना है."

जिगसॉचं पातं बारीक असतं. जाड सागात ते आत वाकतं. वरून काप सरळ दिसतो आणि खालून तिरका निघतो. वळणं कापायला ती चांगली, सरळ रेघेला नाही. मोठी गोल करवत उचलून पाहिली, ती मला पेलली नाही. बॅटरीवालीही होती, पण बॅटरी उतरली की पातं लाकडात अडकतं, आणि अर्धवट थांबलेल्या कापावर डाग राहतो. म्हणून तारेची, लहान गोल करवत घेतली. पातं मात्र बदलून घेतलं. बारीक आणि भरपूर दातांचं, हळू चालणारं पण कड न फोडणारं.

गिरीश म्हणाला, "काका, लग्नाला मुलगी बघताय का? अजून एकदा फिरवून बघा."

मी फिरवून बघितली. मग तिसऱ्यांदाही बघितली. दुकानदाराने चहा मागवला.

आता तू विचारशील, कापायचं काय आहे. दाराचा उंबरठा. या घरात आलो तेव्हा बैतूलहून सागाची फळी आणून मी बसवला होता, तोच. तू त्याच्यावर बसायचीस आणि आई ओरडायची.

मधला भाग काढायचा आहे. बाहेरच्या दोन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला आहे. चाकं तिथपर्यंत नीट जातात, उंबरठ्याला अडतात.

चाकं म्हणजे खुर्चीची चाकं, मृणाल.

तुला मी गणपतीपासून सांगत आलो की आई काठी घेऊन चालते. ती चालत नाही. व्हिडिओवर फोन मीच धरतो, म्हणून तुला तिचा चेहराच दिसतो. दसऱ्याला तू म्हणालीस, "आई, दोन पावलं चालून दाखव ना," तेव्हा मी नेट गेलं म्हणालो. नेट गेलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की पायात जोर आता येणार नाही. मन आणि हात चांगले आहेत, जीभ तर आहेच. तू तिला ठाण्याला घेऊन जाशील, या भीतीने मी लपवलं. तिथे ती चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसेल आणि मी तिच्या शेजारी.

खुर्ची आल्यावर एकदा मी आणि गिरीशने तिला खुर्चीसकट उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. परत आत आल्यावर म्हणाली, "मला सामानासारखं ओलांडू नका." त्यानंतर ती बाहेर आलेली नाही. शेजारच्या बायका भेटायला येतात, तेव्हाही तिला दाराकडे पाठ करून बसायचं असतं. या दिवाळीला उंबरठ्याला हळद-कुंकू लागलं नाही. मी लावतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. तुम्ही रंगकाम केल्यासारखं लावाल."

उंबरठा कापायचा विषय मी तिच्यापुढे घाबरत घाबरत काढला. वाटलं, घराची लक्ष्मी, अपशकुन, सगळं ऐकावं लागेल. मी समजूत घालत होतो की तुकडा अखंड काढीन, सणाला परत बसवीन, फटीत सागाच्या पातळ पट्ट्या सरकवीन, कोणाला कळणार नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "परत कशाला बसवता? मला खाली वाकता येत नाही. तो तुकडा माझ्या मांडीवर द्या, मी तिथेच पूजा करीन. फक्त काप असा करा की माझ्या हाताला कुसळ लागणार नाही."

मला एवढं सुचलं नव्हतं.

म्हणून स्वच्छ काप हवा. या करवतीचे दात खालून वर चावतात, त्यामुळे वरची कड उडते. त्यावर उपाय माझ्याकडे आहे. आधी धारदार सुरीने रेघ खोल ओढायची, वर चिकटपट्टी लावायची, करवत सरळ पट्टीला टेकवून सावकाश न्यायची. फरशीला लागण्याआधी थांबायचं, उरलेला पापुद्रा हाताने कापायचा. करवतीची मोटार पात्याच्या एकाच बाजूला असते, ती चौकटीला आपटू नये म्हणून एक काप घरात बसून करायचा आणि दुसरा बाहेर बसून. हे मला जमेल. घरातल्या जुन्या फळीवर करून पाहिलं, कडेवरून गाल फिरवला तरी टोचलं नाही.

पण करवत पेटीत पडून आहे. कारण आईने अट घातली. "आधी मृणालला खरं कळवा, मग लाकडाला हात लावा. चोरून कापलेल्या दारातून मी बाहेर जाणार नाही." मी म्हटलं, तूच सांग ना फोनवर. तर म्हणते, "खोटं तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

ते आता निस्तरलं. तिला न्यायचं की नाही, ते तिलाच विचार. फोन मी तिच्या हातात देईन आणि अंगणात जाऊन उभा राहीन. एवढंच सांगतो, की या घरात तिची सोय मी करू शकतो. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिला हळदी-कुंकवाला शेजारी जायचं आहे. नंतर शाहपुऱ्याच्या तळ्यावर. तिने स्वतः चाकं फिरवून.

एक अडचण उरते. दुसरा काप सुटताना मधला तुकडा उसळतो आणि शेवटचा कोपरा फुटतो. मी बाहेर असेन, तेव्हा आतून कोणीतरी तो दोन्ही हातांनी दाबून धरायला हवा. गिरीश तयार आहे, पण त्याचं लक्ष फोनकडे असतं. तू लहानपणी उंबरठ्यावर बसायचीस तशी त्या तुकड्यावर बसलीस तरी चालेल. या वेळी आई ओरडणार नाही.

येतेस का ते लवकर कळव. रागावली असशील तर तेही कळव, पण गप्प बसू नकोस. तुझा शब्द आल्याशिवाय मी करवतीची तार भिंतीला लावणार नाही, आणि आई दाराकडे पाठ करून बसली आहे.

तुझा,
बाबा