काजळीचा वाढीव खुराक

ताई,

घोड्यांचा सांभाळ हे शास्त्र आहे आणि ते मला आता पूर्ण अवगत झालंय, असं मी तुला फोनवर ऐकवलं होतं. ते विसर. तुझी काजळी आज सकाळी गेली. तू परतीच्या प्रवासात, आणि फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना. तिला न्यायला गाडी आली, तिच्याबरोबर मी जातोय.

जंताचं औषध तू सांगितलेल्या दिवशीच दिलं होतं. काजळीनं ते गालात धरलं आणि माझ्या शर्टावर थुंकलं. थुंकलं तर पुन्हा द्यायचं, असं तू बजावलं होतंस. पण तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मलाच कसंतरी झालं. पुढे ती खंगायला लागली, तेव्हा वाटलं, तुझ्यासाठी झुरतेय. म्हणून दाणा दुप्पट केला. डॉक्टर म्हणाले, “साहेब, तुम्ही घोडीला नाही, जंतांना जेवू घालत होतात.” पोटात कळ धरली तेव्हा ती तीनदा लोळली, चौथ्यांदा उठलीच नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, एवढं तुला सांगायचंय.

कुरणातली लीद मी सगळी उचललीय; जंत तिथूनच पुन्हा पोटात जातात म्हणे. संध्याकाळी पांढऱ्याला दाणा एकच माप घाल. जोडीदारीण गेल्यावर तो अन्नाला तोंड लावणार नाही, अशी मला धास्ती होती.

त्यानं तिच्या वाटचं गवतही संपवलंय.