रेडिओ चालू राहू दे

दादा,

रात्रपाळी करून दमून येशील, तरी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करू नकोस. झोपताना खोलीचं दार लावून घे.

बाबा गेल्यापासून आई आज पहिल्यांदा बोलली, तीही रेडिओवरच्या बाईशी. बाई म्हणाली, आज हवा कोरडी राहील. आई म्हणाली, "हिचं काय खरं! कपडे आत घ्या." बाबा रोज त्या बाईशी असाच वाद घालायचे आणि आई त्यांना हसायची. तू मोबाइलवर लावून दिलेली गाणी तिने का ऐकली नाहीत, ते आज कळलं. गाण्यांशी भांडता येत नाही.

मग "अहो, ऐकलंत का?" म्हणत तिने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि पुन्हा गप्प झाली. ऑफिसला जावंच लागतंय, पण जीव थाऱ्यावर नाही.

जेवण झाकून ठेवलंय. दुपारच्या बातम्या लागल्या की तिला वाढ आणि जवळ बस. तिने पुन्हा "ऐकलंत का?" विचारलं, तर समजूत घालू नकोस. पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणायचे, तसं नुसतं "हं" म्हण.