'सगळं खुशाल' हा रोजचा निरोप पुन्हा चालू करणेबाबत

प्रति,
मा. मेरुएर्त सेइलखानकिझी,
प्रमुख, माहिती कक्ष,
जिल्हा रुग्णालय, तासबुलाक.

विषय : सर्व्हर तब्येतीने ठीक असला तरी रोज सकाळी तसं कळवण्याची सोय परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश दि. २० जानेवारी, 'बिघाड असेल तरच कळवावे.'

महोदया,

खाली सही करणार झानाबिल ओराझुली, सर्व्हर खोलीचा तंत्रज्ञ, वय ५३, सविनय कळवतो की या अर्जाची सुरुवात पैजेने होते आहे, त्याला माझा इलाज नाही.

१. आमच्या चाळीच्या अंगणात डॉमिनोचा डाव चालला होता. तळमजल्यावरच्या ल्युबा किम, ज्या बाजारात गाजराची कोशिंबीर विकतात, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "झानाबिल, तुझा फोन तू दागिना म्हणून बाळगतोस का रे? चुकीचा नंबर लावणारेसुद्धा तुला विसरले." मी म्हटलं, "ल्युबाबाई, आठ दिवसांत मला निरोप आला नाही तर बाजाराच्या फाटकात सांगाल ते करीन." त्या म्हणाल्या, "जाहिराती धरायच्या नाहीत हं!" हात मिळवले.

२. मी लबाडी केली हे कबूल करतो. पहिल्या सर्व्हरची चार नंबरची डिस्क महिनाभर कण्हत होती. ती मेली की सर्व्हरवर नजर ठेवणारं, त्याच्या पोटातलं देखरेखीचं कार्ड मला निरोप धाडणार, म्हणजे पैज खिशात. मी आठ दिवस फोन उशाशी घेऊन झोपलो. निरोप नाही. आठव्या दिवशी हरल्याचं वाईट वाटलंच नाही, शंका आली. ती डिस्क इतकी गुपचूप मरणाऱ्यातली नव्हती.

३. शनिवारी सुट्टी असून खोलीत गेलो. दार उघडताच तंदूरसारखी धग आली. डिस्क मेलेली, दोन पंखे ठप्प, तिसरा खोकत होता. आणि देखरेखीचं कार्डच गोठलेलं. कधीपासून, देव जाणे. ज्याने ओरडायचं तोच गप्प होता, आणि आपण सगळे त्या गप्प राहण्याला खुशाली समजत होतो.

४. सर्व्हरच्या त्या एका डब्यात अकरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतले संगणक, भाडेकरूंसारखी राहतात. रक्ततपासणी, औषधभांडार, रुग्णवाहिकेचे फोन, सगळी तिथेच. मी एकेकाला चालू स्थितीतच शेजारच्या सर्व्हरवर हलवलं. सर्वात शेवटी रुग्णवाहिका हलली. चार मिनिटांनी पहिला सर्व्हर आपोआप बंद पडला. रुग्णालयात कोणाला काही कळलं नाही. मला कोणी विचारलंही नाही. मी जमिनीवर बसून बिस्किटं खाल्ली.

५. आता दोष कोणाचा, ते लिहितो. पूर्वी रोज आठला 'सगळं खुशाल' असा निरोप आपल्या चौघांना येई. तो मीच बिघडवला. आपल्याकडे भेटल्यावर गुरंढोरं कशी, मग माणसं कशी, असं विचारतात, म्हणून मी मशीनकडून लिहवून घेतलं : 'गुरंढोरं बरी, जीव बरे, पंखा नंबर तीनला सर्दी, आल्याचा चहा पाठवा.' तो आपण वरिष्ठांच्या बैठकीत मोठ्याने वाचलात. त्यानंतर आदेश निघाला. आदेश रास्त होता. पण सर्व्हर ठीक असल्यामुळे गप्प आहे की संपल्यामुळे, हे नुसत्या गप्प राहण्यावरून ओळखता येत नाही.

६. तरी विनंती की, निरोप रोज आठला पुन्हा यावा. सव्वाआठपर्यंत आला नाही तर कोणीतरी उठून खोलीत बघायला जावं. मजकूर आपण ठरवाल तसा कोरडा ठेवीन. चौघांपैकी दोघे बदली होऊन राजधानीत, अस्तानाला गेले, त्यांची नावं काढावीत. माझंही काढलं तरी चालेल. खरं सांगायचं तर चालणार नाही. सकाळी मला येणारा तो एकच निरोप होता, आणि मी त्याला 'आलोच' असं उत्तर देत असे, जे कुठेही पोचत नसे.

७. पैजेचं म्हणाल तर ती रविवारी फेडली. आपल्या ड्रायव्हरने चित्रफीत दाखवली असेलच, म्हणून खुलासा करतो. ल्युबाबाईंनी मला गाजराच्या पालथ्या बादलीवर उभं केलं आणि फर्मावलं, "येणाऱ्या प्रत्येकाला खुशाली विचार. पुरी विचार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडू नकोस." लोक आधी हसले. मग सांगायला लागले. कोणाची गाय व्यायलेली, कोणाचा मुलगा कोरियात. रांग लागली. एका म्हाताऱ्याने मेंढ्यांपासून सुरू करून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि मग टोपी सारून वर बघितलं. "बरं, आणि तुझं कसंय रे?"

महोदया, मला एरवी अशा वेळी काहीतरी चावट सुचतं. काही सुचेना. मागून ल्युबाबाई ओरडल्या, "बोल की, बंद पडलास का?" सगळे हसले. म्हातारा हसला नाही. पिशवी खाली ठेवून तो थांबला, आणि मी सांगायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. तो थांबून होता.

आपल्या उत्तराची वाट बघणारा,
(सही)
झानाबिल ओराझुली
सर्व्हर खोली, तासबुलाक
दि. १९ फेब्रुवारी

सोबत : १) जळका पंखा, एक नग, वर्तमानपत्रात गुंडाळून.
२) मेलेली डिस्क. (कृपया परत करू नये.)