उपाशीपोटी दान

४ मार्च
उद्या रक्तदान! ऑफिसात सर्वांना सांगून ठेवलं. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असतं, हे लॅबच्या अनुभवावरून ठाऊक आहेच.

५ मार्च
नाकारलं! सिस्टरने विचारलं, नाश्ता केलात? मी अभिमानाने नाही म्हटलं. तर म्हणे, काका, तपासायला नाही, दान करायला आलात ना? समोर कँटीन आहे, ऑम्लेट खाऊन या. आणि फॉर्मवर लिहिलं : तात्पुरते अपात्र.
काका! वर अपात्र! दान सत्पात्री करावं असं शास्त्र म्हणतं. म्हणजे पात्र असतो तो घेणारा. देणारा अपात्र होईलच कसा? कँटीनकडे ढुंकूनही न बघता घरी आलो.

६ मार्च
ऑफिसात विचारलं, दिलंत का? मी नुसता दंड चोळला. खोटं बोललो नाही.

१९ मार्च
झाल्या प्रकाराचा मनावर काडीचाही परिणाम नाही. रक्तपेढीवरून जाणारी बस फक्त सोडली आहे. चालणं होतं.

२ एप्रिल
रक्तपेढीचा फोन. तुमचा गट कमी मिळतो, येता का? सर्दी झाली आहे म्हटलं. मग प्रामाणिकपणा म्हणून शिंकलो.
बायको म्हणाली, अहो, एका ऑम्लेटपायी महिनाभर रुसलात? रुसवा आणि स्वाभिमान यांतला भेद तिला सोदाहरण समजावला. ती भाजी निवडत राहिली.

२८ एप्रिल
मेहुण्याचा फोन. दाजी, ते रक्त अजून अंगातच मुरवताय का? बस्स. उद्या जाणार. आधी सिस्टरला 'पात्र' शब्दाची व्युत्पत्ती ऐकवणार, मग रक्त देणार. भाषण तयार.

२९ एप्रिल, कँटीन
सकाळभर आरशासमोर भाषण घोकलं. बायकोही सोबत आली. पण सिस्टरने मला ओळखलंच नाही! भाषण घशातच राहिलं. तिने विचारलं, नाश्ता केलात? घोकण्याच्या नादात तोच राहिला होता. म्हणाली, पहिल्यांदाच आलात ना काका? होतं असं. पटकन खाऊन या, एकला बंद होतं.
पहिल्यांदाच, असं मीही म्हटलं.
इथलं ऑम्लेट उत्तम. दुसरं मागवलं. पात्रता वाढलेली बरी. वर चहा.

नंतर
बायको कोपरावर पट्टी आणि हातात बिस्किटं घेऊन आली. म्हणाली, उठा आता, शटर ओढलं त्यांनी.
चहा फारच गरम होता.